बंगळूरची मराठी पावलं : लेझीम स्पीकरवर चालत नाही

या वेळी गोंधळावर लिहायचं कबूल केलं होतं. संबळ आठवडाभर थांबेल, कारण व्हाइटफील्डच्या एका ताईंचा प्रश्न गणपतीच्या आत सुटायला हवा. त्यांच्या सोसायटीत हौशी लेझीम संघ आहे. सगळे नोकरदार, शनिवार-रविवार पार्किंगमध्ये तालीम, गाणं स्पीकरवर. पावलं पाठ आहेत, फेटेही झकास आहेत, तरी लेझीम रंगत का नाही, असं त्या विचारतात.

ताई, तो स्पीकर आधी बंद करा.

लेझीम हा मुळात तालमीतला व्यायाम. इराणच्या जोरखान्यात आजही पैलवान लोखंडी धनुष्य डोक्यावरून फिरवतात. दोरीच्या जागी साखळी, साखळीत चकत्या. आपल्या लेझमीचं हे थोरलं भावंडच म्हणा ना. आणि तिथेही उंच बैठकीवर एक जण ढोल वाजवत, गात, पैलवानांकडे बघत लय धरतो.

हे ‘बघत’ फार महत्त्वाचं. लेझीम उघडताना एकदा वाजते, मिटताना एकदा. ‘दो रुख’च्या पावलाला पुढची रांग झटकन वळते, मागची रेंगाळते, आणि खणखणीत आवाजाची खळखळ होते. लेझमीला साथ करणारा जाणता हलगीवाला हे कानानंच ओळखतो. तो क्षणभर हात आवरतो, मागच्यांना गाठू देतो, मग हळूहळू लय चढवतो. बैठकीत कुणाच्या मांड्या भरून आल्या तर तेही त्याला दिसतं. मिरवणूक बसमागे अडकली तर तो जागेवरच ठेका घोळवतो. स्पीकरवरचं गाणं कुणासाठी थांबत नाही.

आता हलगीवाला कोल्हापूरहून आणायचा का? मुळीच नको. बंगळूरच्या वस्त्या-वस्त्यांत तमटेवाले आहेत. तमटे म्हणजे हलगीचं सख्खं नातलग : गोल कडं, ताणलेलं कातडं, दोन काठ्या. वाजवण्याआधी दोन्ही वाद्यं जाळावर शेकावी लागतात. कातडं तापलं की आवाज कडक होतो. शेजारच्याच चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातल्या मुनिवेंकटप्पांना या तमट्यासाठी २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. इतकी मोठी विद्या दाराशी असताना आपण पेन ड्राइव्ह शोधत बसतो, याला काय म्हणावं!

काही जण म्हणतील, कन्नड ठेक्यावर मराठी लेझीम कशी? अहो, बेळगाव-विजापूरकडची कन्नड पोरं शाळेत लेझीमच खेळतात. तमट्याचे ठेके वेगळे आहेत, हे खरं. म्हणून तमटेवाल्याला विसर्जनाच्या दिवशी ऐनवेळी हाक मारू नका. पहिल्या तालमीपासून बोलवा, त्याला पावलं बघू द्या. आणि शेवटी नारळ हातात देऊन बोळवण करू नका. साउंडवाल्याला जेवढे देत होतात, तेवढे पैसे त्याला द्या.