ढोम्याच्या डोक्यातला खडा (बदलता समुद्र : लेखांक ६)
ढोम्याचं डोकं आवडीनं खाणाऱ्यांना दाताखाली कचकन येणारा पांढरा खडा ओळखीचा असेल. तसे खडे बहुतेक माशांच्या डोक्यात असतात, पण ढोमा, घोळ या कुळात ते चांगले टपोरे. हे माशाच्या कानातले खडे. त्यांच्याच आधारावर तो ऐकतो आणि वर कुठे, खाली कुठे हे ओळखतो. या कुळातल्या एका प्रजातीचं शास्त्रीय नावच मुळी ‘ओटोलिथस’, म्हणजे कानखडा.

गेल्या आठवड्यात आपण कालवं आणि शिंपल्या पाहिल्या. समुद्राचा सामू औद्योगिक काळाआधी सुमारे ८.२ होता, कार्बन डायऑक्साइड विरघळत गेल्यानं आज ८.१च्या आसपास आहे. पाणी अजूनही अल्कधर्मीच आहे, पण कार्बोनेट कमी झाल्यानं कवच घडवणं जड जातं. कानखडाही त्याच कॅल्शियम कार्बोनेटचा. मग तोही खुरटायला हवा.

कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत डेव्हिड चेकली आणि सहकाऱ्यांचा होरा हाच होता. त्यांनी व्हाइट सीबास या माशाची अंडी कार्बन डायऑक्साइड वाढवलेल्या पाण्यात उबवली. हा मासा घोळीच्याच कुळातला. २००९मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो नेमका उलटा : आठवडाभराच्या पिल्लांचे खडे मोठे झाले होते. सर्वांत तीव्र पाण्यात, म्हणजे हवेत दशलक्ष भागांत अडीच हजार भाग कार्बन डायऑक्साइड असेल तेव्हाच्या पाण्यात, त्यांचं क्षेत्रफळ १५ ते १७ टक्क्यांनी जास्त भरलं. (आज हवेतलं प्रमाण ४२०च्या थोडं वर आहे, हे ध्यानात असू द्या.)

असं का व्हावं? कार्बन डायऑक्साइड कल्ल्यांतून रक्तात उतरला, की रक्त आम्लाकडे झुकतं. मासा ते मुकाट सोसत नाही. तो बायकार्बोनेट साठवतो आणि रक्ताचा सामू पुन्हा जागेवर आणतो. तेच बायकार्बोनेट कानातल्या द्रवातही वाढतं आणि खड्यावर जास्तीचे थर चढतात, असं संशोधकांचं स्पष्टीकरण. मला यातलं विलक्षण वाटतं ते हे, की माशाचं शरीर इथं हरलेलं नाही. त्यानं तोल सावरला, आणि त्या सावरण्यातूनच कान बदलला.

सांगाड्याची गोष्ट वेगळी. त्यातलं खनिज मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचं, शिवाय तो कातडीच्या आत. बाहेरचं पाणी त्याला थेट शिवत नाही. तरी बदल तिथंही होतो. हार्वर्डमध्ये व्हॅलेंटिना डी सँटो यांनी ‘लिटल स्केट’ या अटलांटिकमधल्या, पाकटासारख्या चपट्या माशाची पिल्लं वाढवली. २०१९च्या त्यांच्या निबंधानुसार, आम्लाकडे झुकलेल्या पाण्यात जबड्यात आणि तळावर ‘चालण्याच्या’ पायांसारख्या परांत खनिज वाढलं. पाणी तापवल्यावर मात्र पंखांसारख्या परांत ते घटलं. खऱ्या समुद्रात ही दोन्ही संकटं एकत्रच येतात. एकाच माशाचा सांगाडा कुठे जड, कुठे हलका होणार, आणि या माशाला तरंगायला मदत करणारी हवेची पिशवीही नाही.

आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या उत्तरार्धात खोलातलं, प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असलेलं पाणी गोवा-कर्नाटकाच्या उथळ समुद्रतळावर चढून येतं. ढोमा त्याच तळाजवळ चरणारा मासा आहे. पुढच्या आठवड्यात त्या पाण्याबद्दल.