कडेची हिरवी रेघ

सिलिकॉनच्या पातळ पट्टीवर पाण्याचा थेंब सोडला, की तो पसरत नाही, फुगून उभा राहतो. संगणकाच्या पडद्यावर त्याचा पृष्ठभागाशी होणारा कोन ११० अंशांच्या आसपास दिसतो. बरेच कॅथेटर याच सिलिकॉनचे असतात. असा पृष्ठभाग रक्तात गेला की काही सेकंदांत त्यावर प्रथिनं बसू लागतात. आधी येतात ती संख्येने भरपूर असलेली, नंतर त्यांना हुसकावून जास्त घट्ट चिकटणारी. या अदलाबदलीला लिओ व्रोमन यांचं नाव आहे. त्यातलं फायब्रिनोजेन हे प्रथिन एकदा ठाण मांडून बसलं की प्लेटलेट येतात आणि मग गुठळी.

हे टाळण्यासाठी प्रयोगशाळेत पट्टी आधी ऑक्सिजन प्लाझ्माच्या कोठीत जाते. बाहेर आल्यावर थेंब सपाट पसरतो, पण त्यावर हुरळून चालत नाही. सिलिकॉनच्या पोटातल्या सुट्या साखळ्या हळूहळू वर सरकतात आणि थेंब पुन्हा उभा राहू लागतो. म्हणून पट्टी लगेच एमपीसी नावाच्या रेणूच्या द्रावणात बुडवायची. या रेणूच्या टोकाला आपल्या पेशींच्या आवरणावर असतो तोच फॉस्फोरिलकोलीन गट असतो, धन आणि ऋण भार शेजारी-शेजारी. जपानमध्ये इशिहारा आणि नाकाबायाशी यांनी त्याची बहुवारिकं तयार करून १९९०मध्ये मांडली.

द्रावणात नायट्रोजनचे बुडबुडे सोडत बसणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम. पण आत ऑक्सिजन उरला तर एमपीसीच्या साखळ्या वाढत नाहीत, त्यामुळे इथे घाई करून भागत नाही. मग अतिनील दिव्याखाली या साखळ्या पृष्ठभागावर गवतासारख्या दाट उगवतात. दाट हे महत्त्वाचं. विरळ जागी प्रथिन शिरतंच.

हा लेप प्रथिनांना ढकलून देतो, असं अनेकांना वाटतं. खरं तर तो पाणी धरून ठेवतो, आणि इतकं घट्ट, की प्रथिनाला चिकटायचं तर आधी ते पाणी हटवावं लागतं. तो व्यवहार त्याला परवडत नाही. नुसतं पाणी पसरलं म्हणून भागत नाही: स्वच्छ काचेवरही ते छान पसरतं, तरी प्रथिनं चिकटतातच.

शेवटी चमकता रंग जोडलेलं फायब्रिनोजेन ओतून, पट्टी धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. मधला भाग काळाभोर. कडेला, चिमट्याने धरलं होतं तिथे, लख्ख हिरवी रेघ. मोजताना ही कड सोडून देतात, आणि ते मला पटत नाही. कॅथेटरला टोक असतं, छिद्रं असतात, आत सरकताना तो घासला जातो. जंतूंना अशाच ओरखड्यांत आयतं बस्तान मिळतं. आकडा द्यायचाच तर कडेचाही द्यावा.