वारले, गेले, मयत झाले

मुरबाड-शहापूरकडे मरणाची बातमी फोनवरून येते तेव्हा ती फार तर दोन वाक्यांची असते. "आजा गेला. तीनला उचलणार." ऐकणाऱ्याला तेवढं पुरतं. कोण गेलं ते कळलं, स्मशानात कधी पोचायचं ते कळलं, आणि वेळ दुपारची ठेवली म्हणजे लांब दिलेल्या लेकीची वाट पाहताहेत, हेही कळलं. "मरण" हा शब्द मात्र कुणीच उच्चारलेला नसतो.

यावरून बऱ्याच शिकल्यासवरल्या माणसांचा समज झालेला आहे की गावाकडचे लोक मरणाला भितात, म्हणून त्याचं नाव घेत नाहीत. मला हा समज मुळातच चुकीचा वाटतो. आपल्या बोलीतले मरणाचे शब्द झाकण्यापेक्षा सांगण्याचं काम जास्त करतात. त्यांच्यामुळे नुकसान होतं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि तिकडे कुणाचं फारसं लक्ष नसतं.

गैरसमज : नाव टाळतात ते भीतीपोटी, "मेला" म्हणणं असभ्यच.

एकाच मरणाला इतके शब्द लागतात, कारण गेलेल्या माणसाशी बोलणाऱ्याचं नातं काय होतं ते प्रत्येक शब्दातून कळतं. घरातलं वडीलधारं माणूस "वारलं". शेजारचा "गेला". गोठ्यातला बैल "दगावला". तान्हं मूल गेलं तर तेही "दगावलं". "वारलं" हा मोठ्या माणसाचा मान त्याला अजून लागू झालेला नसतो. ज्याच्याबद्दल माया नाही तो "खपला" किंवा "गचकला". आपसांत "ढगात गेला" म्हणणारं पोर सख्ख्या चुलत्याबद्दल बोलताना आपोआप "काका गेले" म्हणतं. ते त्याला कुणी शिकवावं लागत नाही. "माझ्या गोवऱ्या मसणात गेल्यात" हे म्हाताऱ्या माणसानं स्वतःबद्दल म्हणावं. दुसऱ्यानं त्याच्याबद्दल म्हटलं तर भांडण होईल.

आणि "मेला"? पावसात भिजून आलेल्या नातवाला "मेल्या, कुठं उलथला होतास?" म्हणत आजी पदरानं त्याचं डोकं पुसते, तेव्हा त्या शब्दात मरण कुठंच नसतं. तोच शब्द बांधावरच्या भांडणात वेगळा होतो. असभ्यपणा शब्दात नसतो, तो कुणी कुणाला कसा म्हटला त्यावर ठरतो.

भीती अजिबात नाही असंही नाही. निघताना "जातो" म्हणू नये, "येतो" म्हणावं. फुटलेली बांगडी "वाढवली" म्हणावी. नारळसुद्धा आपण "वाढवतो". पण ही काळजी मागे राहिलेल्यांच्या आयुष्याची आहे. मेलेल्याबद्दल बोलताना गाव बरंच मोकळं असतं. सावडणं, दहावा, पिंडाला कावळा शिवला की नाही, जेवायला किती पानं होती, यावर ओट्यावर बसून तासन् तास बोलणं चालतं.

गैरसमज : गेलेल्या कुणाच्याही नावाआधी "कै." लावलं की झालं.

छापखान्यात पत्रिका करायला गेलात तर "कै." तयारच असतं. पण कैलास शंकराचा. आपल्याकडे गावोगाव माळकरी घरं आहेत, आणि त्यांच्या पत्रिकेवर "वैकुंठवासी" असतं. उत्तरकार्याला प्रवचन ठेवलेलं असतं आणि प्रवचनकारांच्या नावाआधी ह.भ.प. लागतं. बौद्ध घरातल्या पत्रिकेवर "कालकथित" आणि खाली "जलदान विधी व पुण्यानुमोदन". मुस्लिम शेजारी "मरहूम" म्हणतात, "इंतकाल झाला" म्हणतात. लिंगायत घरात माणूस "लिंगैक्य" होतो. ख्रिस्ती कुटुंब "ख्रिस्तवासी" लिहितं.

यांतल्या "कालकथित"बद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण त्याकडे बरेच जण नुसता वेगळा शब्द म्हणून पाहतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली एक श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची होती. पिंड नाकारला की कावळा गेला, स्वर्ग गेला, कैलासही गेला. मग गेलेल्या माणसाला काय म्हणायचं? त्या घरांनी आपला शब्द घेतला. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचं "महापरिनिर्वाण" झालं असं आपण म्हणतो, तेही याच विचारातून. अशा घरातल्या माणसाच्या फलकावर दुसऱ्या कुणी सवयीनं "कै." छापलं, तर त्या माणसानं आयुष्यभर नाकारलेली गोष्ट मरणानंतर त्याच्यावर लादली जाते. फलक लावणाऱ्या मंडळांनी एवढं विचारून घ्यावं. विचारायला एक फोन पुरतो.

गैरसमज : "एक्स्पायर झाले", "ऑफ झाले" हे सुधारलेलं इंग्रजी.

आसनगावहून लोकलनं जाणाऱ्या, मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला असणाऱ्या पोरांच्या तोंडी हे दोन शब्द पक्के बसलेत. "ऑफ झाले" हा आपलाच, मुंबई-ठाण्याकडचा शब्द. इंग्रजाला तो या अर्थानं कळणार नाही. "एक्स्पायर" इस्पितळाच्या कागदांतून आला. इंग्रजीत तो आता जास्त करून औषधाची नाहीतर परवान्याची मुदत संपल्यावर वापरतात. इंग्रजांच्या बोलीत मरणाचे रांगडे शब्द काही कमी नाहीत. फ्रान्सिस ग्रोस यानं १७८५ मध्ये गावठी इंग्रजीचा कोश काढला, त्यात "बादलीला लाथ मारली" म्हणजे मेला, हा प्रयोग आहे. बादलीवर उभं राहून गळफास घेणाऱ्यावरून तो आला, असं सर्रास सांगतात. कोशकारांचा कल मात्र दुसरीकडे आहे : कापलेलं डुक्कर ज्या आडव्या लाकडाला टांगत, त्यालाही तिकडच्या काही भागांत बादलीचाच शब्द होता. शहरी कानाला "ऑफ झाले" सभ्य वाटतं ते निव्वळ सवयीनं. "वारले" त्याहून कुठंही कमी सभ्य नाही.

गैरसमज : "मयत" हा कोर्टकचेरीचा, परका शब्द.

मूळ अरबी आहे, हे खरं. पण आपल्याकडे "मयताला गेलो होतो" हे कुणबी, आगरी, ठाकर सगळेच म्हणतात. तलाठ्याच्या दप्तरातही हाच शब्द आहे : "मयत खातेदार". माळकरी असो, बौद्ध असो की मुसलमान, सातबाऱ्याच्या लेखी सगळे मयत. जातधर्म न विचारणारा मरणाचा एवढा साधा शब्द दुसरा नाही. मला तो आवडतो.

अडचण अशी की हा शब्द वेळेवर लिहिला जात नाही. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसानं तीन महिन्यांत तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) वर्दी द्यायची असते. घरात "आजा गेला" हे सगळ्यांना माहीत असतं, कागदावर मात्र आजा वर्षानुवर्षं जमीन कसत असतो. मग मोबदला, पीककर्ज, वाटप काहीही आलं की चार पिढ्यांचे मृत्यूचे दाखले शोधत हिंडायचं. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला. अशा कामांत पैसा वारसांच्या हाती पडायचा तर आधी वारस कागदावर दिसावे लागतात. अशा मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठी सरकारनं २०२५ च्या एप्रिलपासून राज्यभर जी मोहीम घेतली, तिचं नाव "जिवंत सातबारा". नाव अगदी नेमकं आहे.

गैरसमज : "हुतात्मा" ही सरकारनं द्यायची पदवी.

सिद्धगड मुरबाड तालुक्यातला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे त्याच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांनी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील मारले गेले. माथेरानचे कोतवाल वकील होते. बेचाळीसच्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्यानं विजेचे मनोरे पाडले होते. इंग्रज सरकारच्या लेखी ते गुन्हेगार. लोकांनी त्यांना हुतात्मा म्हटलं, आणि दर २ जानेवारीला सिद्धगडावर जमणारी माणसं आजही म्हणतात. तो मान लोकांनी दिलेला आहे. सैन्यात आणि पोलीस दलात "शहीद" किंवा "हुतात्मा" असा अधिकृत शब्द नाही, हे खुद्द संरक्षण आणि गृह मंत्रालयांनी २०१७ मध्ये केंद्रीय माहिती आयोगापुढे सांगितलं होतं.

लढाईतल्या मरणाला मराठीत जुने शब्दही आहेत : कामी आला, धारातीर्थी पडला, खर्ची पडले. पानिपताची, १४ जानेवारी १७६१ ची बातमी नानासाहेब पेशव्यांना सावकारी भाषेतल्या निरोपातून कळली, असं सांगतात. त्यात गळालेली दोन मोत्यं म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, हरवलेल्या मोहरा म्हणजे सरदार, आणि मोजता न आलेला खुर्दा म्हणजे साधे शिपाई. सांकेतिक भाषेतही किती नेमकं सांगितलंय पाहा. पण त्या खुर्द्यात कुणाकुणाचे बाप नि भाऊ होते, हे कुठंच लिहून राहिलेलं नाही. याची रुखरुख मला लागते.

गैरसमज : "कुंकू पुसलं" हा नवऱ्याच्या मरणाचा नाजूक उल्लेख आहे.

नाजूक? मेला तो नवरा, आणि वर्णन बायकोच्या कपाळाचं, हातातल्या चुड्याचं. इथं शब्द नुसता शब्द राहत नाही, दहाव्याला तो खरोखर करून दाखवला जातो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ ला कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२३ मध्ये, विधवांना "गंगा भागीरथी" म्हणावं असा प्रस्ताव एका मंत्र्यांनी पुढे केला. बायकांनी कडाडून विरोध केला, आणि तो रास्तच होता. ज्या शब्दानं बाईच्या अंगावर नवऱ्याचं मरण आयुष्यभर चिकटवून ठेवायचं, तो कितीही पवित्र नदीच्या नावानं आला तरी नको. आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामसभेनं हेरवाडसारखा ठराव घ्यावा, आणि दहाव्याच्या दिवशी तो पाळावा.

गैरसमज : सापाचं नाव घेतलं की साप येतो.

म्हणून रात्री "जनावर" म्हणतात, "लांबडं" म्हणतात, आणि चावला तर "पान लागलं". बांधावर, घरात हे चालेल. दवाखान्यात नाही. तिथं "साप चावला" असं, चावल्याच्या वेळेसकट, स्पष्ट सांगावं लागतं. मण्यारीचा दंश तर अनेकदा दुखतही नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, आणि घरचे "काहीतरी बाधलं" म्हणून भगताकडे नेतात. आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते. साप मारून सोबत न्यायची गरज नाही. १०८ ला फोन करून सरळ इस्पितळ गाठायचं. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतली बरीचशी खेड्यातली, शेतात राबणारी.

यालाच लागून शेवटचा गैरसमज येतो, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महागात पडतो : मरणाचं कारण सांगितलं तर ते दाखल्यावर छापून येईल आणि घराण्याचं नाव जाईल. म्हणून ग्रामपंचायतीत नोंदवताना "म्हातारपण", "ताप", "हार्ट बंद पडलं" असं सांगितलं जातं. हार्ट प्रत्येकाचंच बंद पडतं. ते कारण होत नाही. क्षयानं गेलेला, विष घेऊन गेलेला, बाळंतपणात गेलेली, पान लागून गेलेला, सगळे अशा एकाच ओळीत मिसळून जातात. मग कुठल्या पाड्यावर काय कमी पडतंय हे सरकारी आकड्यांत दिसतच नाही. १९९२-९३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, जव्हारजवळच्या वावर-वांगणीत मुलं कुपोषणानं गेली, तेव्हा ती भुकेनं गेली की आजारानं, या शब्दांवरच मोठा वाद झाला होता.

वस्तुस्थिती अशी आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे, आणि मृत्यू २१ दिवसांच्या आत कळवायचा असतो. कारण नोंदवहीत जातं, पण घरच्यांना जो दाखला मिळतो त्यावर ते छापायचं नाही, असं त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे. म्हणजे झाकण्याचं काम कायद्यानं आधीच करून ठेवलंय. खरं कारण तिथं बिनदिक्कत सांगता येतं. शेतात साप चावून किंवा वीज पडून कुणी गेलं असेल तर ते सांगितलंच पाहिजे, कारण गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अशा मृत्यूला २ लाख रुपये आहेत. त्यासाठी डॉक्टरांचे नि पंचनाम्याचे कागद लागतात, आणि त्यावर "साप चावला" असंच लिहिलेलं असावं लागतं.