घर बांधायला काढताय? आधी होडीचे पैसे बाजूला काढा



गेल्या पंधरा दिवसांत चार सभासद ऑफिसात येऊन एकच विचारून गेले, "जुनं घर पाडून नवं बांधायचं म्हणतोय, किती लागतील?" चौघांकडेही कंत्राटदाराने सांगितलेला चौरस फुटाचा दर होता. तो दर म्हणजे पूर्ण घराचा खर्च नव्हे, हे आधी सांगतो. जुनं घर पाडणं, दगड-माती उचलणं, काम होईपर्यंतचं भाडं, सेप्टिक टँक, पाण्याची टाकी, मीटर हलवणं, यातलं बहुतेक त्यात धरलेलं नसतं. कंत्राटदाराकडून "काय धरलं नाही" याची यादी लिहून घ्या. तोंडी नको.

दुसरी गोष्ट आपल्या धंद्याची. नोकरदाराचा पगार बारा महिने येतो, आपला येत नाही. 1 जून ते 31 जुलै बंदी. ऑगस्टमध्ये होडी उतरवायची तर डिझेल, बर्फ, जाळी, खलाशांची उचल, सगळं आधी द्यावं लागतं. हातात खरा पैसा दसऱ्यानंतर खेळतो, आणि बांधकामही त्याच महिन्यांत, पाऊस संपल्यावर. म्हणजे घर आणि होडी एकाच खिशातून पैसे मागतात.

आपल्या एका सभासदाचं असंच झालं. नाव सांगत नाही, त्यांनी सांगायला परवानगी दिली आहे. मार्चमध्ये स्लॅब पडला, घरात पेढे वाटले. मे महिन्यात इंजिनचं काम निघालं आणि खात्यात काहीच शिल्लक नव्हतं. व्यापाऱ्याकडून उचल घेतली. घर झालं, पण पुढचे दोन हंगाम त्यांचं म्हावरं लिलावात आलंच नाही, थेट त्या व्यापाऱ्याच्या काट्यावर गेलं, त्याने लावलेल्या भावाने. तो तोटा घराच्या खर्चात कोणी मांडला नाही. आमच्या मते मांडायला हवा.

म्हणून पहिलं पान होडीचं. ऑगस्टचा उतरवणीचा खर्च, इंजिनची दुरुस्ती, विमा, कर्जाचे हप्ते, घरात दोन महिन्यांचा किराणा. हे पैसे वेगळ्या खात्यात टाका. उरतील ते घराचे. त्यातलेही शंभरात पंधरा रुपये न मोजता ठेवा, ते लागणारच आहेत.

आता भाववाढ. "सगळंच महागलं" म्हणून घाबरण्यापेक्षा माल मोजा. साधा ठोकताळा असा की स्लॅबच्या घराला चौरस फुटाला साधारण 0.4 पोती सिमेंट आणि साडेतीन ते चार किलो लोखंड लागतं. 600 चौरस फुटांना 240 पोती आणि सुमारे 2,400 किलो लोखंड धरा. लोखंड किलोमागे 10 रुपयांनी वाढलं तर 24,000 चा फरक. सिमेंट पोत्यामागे 50 रुपयांनी वाढलं तर 12,000 चा. चिऱ्याच्या भिंती आणि कौलं असतील तर दोन्ही कमी लागतं. नेमका आकडा इंजिनिअरकडून घ्या, पण फरक कशाने किती पडतो ते तुम्हालाही कळलं पाहिजे.

भाव नेहमी वरच जातात असंही नाही. 2022 मध्ये युक्रेनच्या युद्धानंतर लोखंड भडकलं, मे महिन्यात केंद्राने निर्यातशुल्क लावलं आणि भाव उतरले. 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. समजा कराशिवाय पोतं 300 ला असेल, तर पूर्वी 384 पडायचं, आता 354. म्हणून भीतीपोटी शंभर पोती भरून ठेवू नका. आपल्या खाऱ्या, ओल्या हवेत सिमेंट तीन महिन्यांत गाठी धरायला लागतं.

एक सभासद लेकीच्या सासरी हुबळीला गेले होते. कोप्पीकर रोडवरच्या दुकानातून फोन, "सेक्रेटरी, इथे वायर, स्विच, पंखे स्वस्त मिळतायत. सिमेंट-लोखंडही इथूनच भरू काय?" आम्ही म्हटलं, हलकं सामान जरूर आणा, येताना गाडीतच येईल. पण जड माल हुबळीहून बेळगाव, तिथून आंबोली घाट उतरून आणायचा तर वाचलेले पैसे ट्रकच्या भाड्यात जातात. जीएसटी तर दोन्ही राज्यांत सारखाच. जड ते जवळून, हलकं ते जिथे परवडेल तिथून. पक्कं बिल मात्र दोन्हीचं घ्या.

काटकसर कुठे करू नये तेही सांगतो. फरशी, रंग, ग्रील, दुसरी खोली, हे पुढच्या वर्षी होईल. काँक्रीट पुढच्या वर्षी बदलता येत नाही. समुद्राची वाळू नकोच. खाडीची न धुतलेली वाळूही नको, मिठाने लोखंड आतून सडतं आणि दहा वर्षांत स्लॅबचे पापुद्रे पडतात. समुद्राच्या हवेत उघड्या काँक्रीटसाठी भारतीय मानकात किमान एम-30 दर्जा आणि सळईवर 45 मि.मी. काँक्रीटचं आवरण सांगितलं आहे. हे कंत्राटात लिहून घ्या आणि स्लॅबच्या दिवशी समुद्रावर जाऊ नका, तिथे उभे राहा.

सरकारी मदत पहिल्या पैशात धरू नका. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात यादीत नाव असेल तर सपाट भागात 1 लाख 20 हजार मिळतात, पण हप्त्यांनी, काम त्या टप्प्याला आल्यावर. निसर्ग वादळानंतर (3 जून 2020) पूर्ण पडलेल्या घराला राज्याने दीड लाख दिले. आधार मोठा, पण दीड लाखात घर उभं राहत नाही.

आणि पाडायच्या आधी कागद! किनाऱ्यालगत सीआरझेडमध्ये अस्तित्वातल्या अधिकृत घराची पुनर्बांधणी जुन्या जोत्याच्या क्षेत्रफळात परवानगीने करता येते. घर होतं हे दाखवायला चारही बाजूंचे फोटो, जोत्याची मापं, नमुना 8 चा उतारा, जुन्या घरपट्टीच्या पावत्या आणि लाइट बिल जपून ठेवा. घर पाडल्यावर ही मापं काढता येत नाहीत.

काम असं तोडा की पैसे संपले तरी पावसात नुकसान होणार नाही. एका हंगामात जोतं पुरं करून थांबलात तर चालेल, ते पावसाळा काढतं. भिंती उभ्या आणि वर छप्पर नाही, अशा अवस्थेत जून गाठू नका. छपराचे पैसे हातात असतील तरच भिंती चढवा. कंत्राटदाराला टप्पा झाल्यावरच पैसे, शेवटचे दहा टक्के एक पाऊस बघून. भाव वाढले तर कोणी सोसायचे, तेही आधीच ठरवून लिहा.

ज्यांना दसऱ्यानंतर काम काढायचं आहे त्यांनी कंत्राटदाराचा कागद आणि गेल्या हंगामाच्या विक्रीच्या पावत्या घेऊन ऑफिसात यावं. घरातल्या बाईमाणसांनाही सोबत आणा, कुठल्या महिन्यात किती शिल्लक राहते ते त्यांनाच जास्त ठाऊक असतं. बसून आकडे मांडू.

— सेक्रेटरी, संस्थेच्या वतीने