पंखावरचा फिटर

दुसऱ्या महायुद्धातल्या लँकेस्टर बॉम्बरमध्ये दुसरा वैमानिक नसे. वैमानिक घडवायला लागणारा वेळ आणि पैसा ब्रिटिश हवाई दलाला परवडेना, म्हणून उजव्या बाजूला फ्लाइट इंजिनिअर बसवला. ‘बसवला’ हा शब्दही जरा उदारच. लिंकनशरमध्ये ईस्ट कर्कबीला ‘जस्ट जेन’ नावाचं लँकेस्टर अजून चारही मर्लिन इंजिनं चालवून जमिनीवर फिरवतात, त्यात चढल्यावर ही जागा पाहिली. शेपटीकडच्या दारातून शिरायचं, वाकून पुढे सरकायचं, मग पंखांची आडवी तुळई मांड टाकून ओलांडायची. मी साध्या शर्टपँटमध्ये धापा टाकल्या. युद्धातली पोरं लोकरी कपडे आणि हार्नेस अंगावर चढवून अंधारात हे करत.

इंजिनिअरची बैठक म्हणजे घडी घालता येणारी फळी. नाकातल्या बॉम्बफेक्याला ये-जा करायची असली की उठून वाट द्यायची. इंजिनिअरच्या डायलांची पाटीसुद्धा समोर नाही, उजव्या भिंतीवर, किंचित मागे. त्यामुळे बराच काळ उभ्यानंच काम.

इंजिनं सुरू होताना एक जण खाली चाकाच्या कप्प्यात उभा राहून पंप मारत होता. एकेक पंखा धूर ओकत फिरू लागला तसे माझे दात वाजायला लागले, थंडीनं नव्हे. उड्डाणात वैमानिक चारही थ्रॉटल पुढे ढकलायचा. विमान डावीकडे ओढायचं, ते सावरायला त्याला दोन्ही हात हवेत. अशा वेळी मागून इंजिनिअरचा हात यायचा, थ्रॉटल शेवटपर्यंत नेऊन धरून ठेवायचा. मग चाकं वर, फ्लॅप आत. पुढचे कित्येक तास हिशोब. सहा टाक्या, २,१५४ गॅलन पेट्रोल, कुठल्या टाकीतून किती गेलं त्याची नोंद. एखादी टाकी गोळीनं फुटली तर आधी तीच वापरायची, नाहीतर पेट्रोल वाऱ्यावर. इंजिन पेटलं तर त्याचं पेट्रोल तोडायचं, पंखा थांबवायचा, अग्निशामकाचं बटण दाबायचं. हे बटण इंजिनापुरतं. पंखातल्या टाकीजवळ आग लागली तर तिथे ते काही कामाचं नाही.

नॉर्मन जॅक्सनसमोर नेमकी तीच आग होती.

ईलिंगचा हा माणूस मुळात इंजिन फिटर. फ्रीटाऊनला सागरी विमानांवर काम करून तो बॉम्बरवर आला. मेदरिंगहॅमच्या १०६ स्क्वाड्रनमधली त्याची तीस उड्डाणं पूर्ण झाली होती, म्हणजे सुटका. पण त्यातलं एक दुसऱ्या तुकडीबरोबर झालेलं, म्हणून आपल्या मंडळींची तीस पुरी व्हावीत यासाठी तो आणखी एकदा निघाला. २६ एप्रिल १९४४ची रात्र, लक्ष्य श्वाइनफुर्टचे बेअरिंगचे कारखाने. त्या कारखान्यांभोवती माणसंही राहत होती, हे या गोष्टीतून वगळता येत नाही. त्या रात्री २१ लँकेस्टर परतले नाहीत.

बॉम्ब टाकून वळताना जर्मन लढाऊ विमानानं गाठलं. उजव्या पंखावर, आतल्या इंजिनाजवळ ज्वाळा. जॅक्सननं हातातलं अग्निशामक नळकांडं जीवरक्षक जाकिटात खुपसलं, पॅराशूट अडकवलं आणि वैमानिकाच्या डोक्यावरची झडप फेकून तो बाहेर पडला. सुमारे २०,००० फूट उंची, ताशी २०० मैल वेग. बाहेर पडतानाच पॅराशूट उघडून कापड कॉकपिटभर पसरलं. वैमानिक मिफ्लिन, नॅव्हिगेटर आणि बॉम्बफेक्या यांनी ते गोळा करून दोऱ्या हातात धरल्या आणि विहिरीत माणूस उतरवावा तशा हळूहळू सोडत राहिले. जॅक्सन घसरला, पंखाच्या कडेवरची हवेची जाळी पकडून लटकला. नळकांडं निसटलं. आग पसरली, चेहरा आणि हात भाजले, आणि जळक्या पॅराशूटसकट तो पंखामागे फेकला गेला.

आग विझली नाही. मला या शौर्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. घोटा मोडलेला, एक डोळा मिटलेला जॅक्सन उजाडल्यावर कोपरं-गुडघ्यांवर सरपटत गावात पोचला. दहा महिने इस्पितळात होता. बाकीचे चौघे उतरून कैद झाले. मिफ्लिन आणि शेपटीचा तोफची मेले. बॉम्बर कमांडच्या ५५,५७३ मृतांतले हे दोघे. ‘जस्ट जेन’ विकत घेणाऱ्या पँटन बंधूंचा थोरला भाऊही त्यांतलाच, तोही फ्लाइट इंजिनिअर, मार्च १९४४मध्ये न्यूरेंबर्गच्या हल्ल्यात गेला.

यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या मराठी सैनिकांना इटलीतल्या लढायांसाठी मिळाला तोच व्हिक्टोरिया क्रॉस १९४५मध्ये जॅक्सनला मिळाला. तोवर त्यानं स्वतः काही सांगितलं नव्हतं. कैदेतून सुटून आल्यावर त्याच्या सोबत्यांनी सांगितलं, आणि त्यांत दोऱ्या धरणारेही होते.