‘दिओ’ आणि ‘देव’ : लेक की बहीण?

फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी १५८०च्या दशकात हिंदुस्थानात आला आणि १५८८ साली गोव्यात वारला. मायदेशी धाडलेल्या एका पत्रात त्याने संस्कृत आणि इटालियन यांतले काही समान शब्द नोंदवले : सहा ते नऊ हे अंक, साप आणि ‘दिओ’, म्हणजे देव.

वर्गात हे साम्य सांगितले, की “म्हणजे इटालियन शब्द संस्कृतातूनच गेला” असे विद्यार्थी हमखास म्हणतात. तिथे मी त्यांना थांबवते. ‘दिओ’ आला लॅटिन ‘देउस’पासून; जुन्या लॅटिनमध्ये त्याचे रूप ‘देइवोस’ असे होते. हा ‘देइवोस’ आणि आपला ‘देव’ ही एकाच आदिम इंडो-युरोपीय शब्दाची अपत्ये. त्याच्या मुळाशी तेजाचा, आकाशाचा अर्थ आहे. लिथुआनियन ‘दियेवास’ हे त्यांचेच भावंड.

मग ग्रीक ‘थेओस’? अर्थ तोच, उच्चारही जवळचा. तरी नाते नाही. संस्कृत ‘द’शी ग्रीक ‘द’ जुळतो : ‘दश’ आणि ‘देका’. ग्रीक ‘थ’ मात्र ‘ध’शी जुळतो : ‘धूम’ आणि ‘थूमोस’. उलट ‘झ्यूस’ या नावाची षष्ठी ‘दिओस’ होते. ते नाव आपल्या ‘द्यौस्’चे सख्खे भावंड.

शब्दांचे नाते कानाला सुचते, पण ठरते ते ध्वनिनियमांनी. बहिणीला लेक म्हटल्याने संस्कृतची थोरवी वाढत नाही. वंशावळ मात्र चुकते.