सामूहिक विदा-हक्क आणि ग्रामसभा : गडचिरोलीतील वनहक्कांच्या अनुभवाच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना :
कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली विदेवर, म्हणजेच डेटावर उभ्या राहतात. ही विदा केवळ व्यक्तीची नसते. गोंडी भाषेतील गीत, औषधी वनस्पतीची ओळख, जंगलातील पायवाटांचा नकाशा ही सर्व समूहाची ठेव असते. प्राणहिता-गोदावरी संगमाजवळील सिरोंचा परिसरात मराठी, तेलुगू, गोंडी व माडिया या बोली शेजारी नांदतात. अशा प्रदेशातून बाहेर जाणाऱ्या विदेबाबत निर्णय कोणी घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्यक्तिकेंद्री कायद्याची मर्यादा :
डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. या कायद्याच्या केंद्रस्थानी व्यक्तीची संमती आहे. एखाद्या वृद्धेने सांगितलेली माहिती तिची ओळख पुसून साठविली, की तिच्यातील सामूहिक ज्ञान या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. बिगर-वैयक्तिक विदेवर समूहाचा हक्क मानावा, अशी शिफारस क्रिस गोपालकृष्णन समितीने २०२० मध्ये केली होती. तथापि त्यावर आधारित स्वतंत्र कायदा झालेला नाही.

वनहक्कांचा अनुभव :
समूहाचा हक्क ही कल्पना गडचिरोलीस नवी नाही. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(१)(ट) अन्वये जैवविविधतेशी व सांस्कृतिक विविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावरील समूहाचा बौद्धिक संपदेचा हक्क मान्य झाला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. परंतु हक्कपत्र हाती असूनही बांबू गावाबाहेर नेण्यासाठी वाहतूक परवाना आवश्यक होता आणि तो देण्याचा अधिकार वनविभागाकडेच होता. एप्रिल २०११ मध्ये परवाना-पुस्तिका ग्रामसभेकडे सुपूर्द झाली, तेव्हाच तो हक्क प्रत्यक्षात आला. पुढे २०१२ च्या नियमदुरुस्तीने हा अधिकार ग्रामसभेच्या समितीस दिला. यावरून एक महत्त्वाचे तत्त्व हाती येते : वस्तू कोठे, कोणत्या अटीवर जाईल हे ठरविण्याचा अधिकार नसेल, तर मालकी कागदावरच राहते.

विदेचा वाहतूक परवाना :
हेच तत्त्व विदेस अधिक कठोरपणे लागू होते. तोडलेला बांबू पुन्हा फुटतो. मात्र प्रणालीच्या प्रशिक्षणात मिसळलेली विदा नंतर वेगळी काढणे अत्यंत कठीण असते. म्हणून सामूहिक संमती आधीच घेतली पाहिजे. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये 'आदि वाणी' ही अनुवाद प्रणाली प्रायोगिक स्वरूपात खुली केली. तिच्या पहिल्या टप्प्यात गोंडीचा समावेश आहे. दवाखान्यात वा कचेरीत गोंडी भाषकास तिचा लाभ होऊ शकतो. त्यामुळे प्रश्न तंत्रज्ञान नाकारण्याचा नसून अटी ठरविण्याचा आहे. न्यूझीलंडमधील ते हिकू मीडिया या माओरी संस्थेने आपल्या भाषेच्या विदेसाठी पालकत्वाच्या तत्त्वावर आधारित परवाना तयार केला आहे, हे उदाहरण येथे उद्बोधक ठरते.

एक अडचण :
ग्रामसभा गावापुरती असते, तर भाषा अनेक राज्यांत पसरलेली असते. २०११ च्या जनगणनेनुसार गोंडी भाषकांची संख्या सुमारे २९ लाख ८४ हजार होती. एका गावाची संमती सर्वांची मानता येत नाही, तसेच एका गावाचा नकार सर्वांवर लादताही येत नाही. कोरची तालुक्यातील महाग्रामसभेप्रमाणे ग्रामसभांचे संघ उभे राहिल्यास या प्रश्नाचे अंशतः उत्तर मिळू शकेल. ग्रामसभेत स्त्रियांचा आवाज कितपत ऐकला जातो, याचाही विचार करावा लागेल.

महाविद्यालयांची जबाबदारी :
आपल्या परिसरातील महाविद्यालये लोकगीते, वनस्पती व बोली यांचे संकलन करतात. अशा प्रत्येक प्रकल्पात पुढील बाबी पाळता येतील : १) ग्रामसभेचा पूर्वठराव, २) हेतू व मुदत यांचा स्पष्ट उल्लेख, ३) कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र संमती, ४) संकलनाची एक प्रत गावाकडे, ५) लाभ झाल्यास त्यातील वाटा.

समारोप :
सामूहिक विदा-हक्कासाठी नवा कायदा आवश्यकच आहे. परंतु तोपर्यंत थांबण्याचे कारण नाही. ज्या ग्रामसभा बांबूचा परवाना देऊ लागल्या, त्या आपल्या शब्दांचाही परवाना देऊ शकतील. त्यांच्याकडे तो मागण्याची सुरुवात आपण अध्यापकांनीच करणे उचित ठरेल.